पूर्ण शिजलेला स्टेक

सोलांजने स्टेक तव्यावर टाकला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो वेळेवर उतरवायचा नाही असं ठरवलं. भरड कुटलेल्या मिरीचा जाड थर दिलेला तुकडा चुरचुरत होता. फ्रान्समधल्या लिमोजच्या त्या घरात स्टेक आतून लालच असायचा. तिची आई तसाच करायची, आजीही. पण आज मार्गो येणार होती, आणि मार्गोला तो पूर्ण शिजलेला लागतो हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

तीन वर्षांपूर्वी नव्या सुनेने याच टेबलावर हळूच तसं मागितलं, तेव्हा सोलांज जेवायला आलेल्या शेजाऱ्यांसमोर म्हणाली होती, "कातडंच चावायचं असेल तर कोपऱ्यावर बुटांचं दुकान आहे, बाई." सगळे हसले. मार्गोने काटा खाली ठेवला, कोट घातला. तिच्यामागोमाग रेमी, सोलांजचा एकुलता एक मुलगा, तोही गेला. त्यानंतर नाताळचा फोन तेवढा उरला. सुझोन जन्मली तेही फोनवरच कळलं. नातीला मांडीवर घ्यायचं राहिलं ते राहिलंच. कितीदा सोलांजने फोन उचलला, आणि 'चुकलं माझं' न म्हणताच खाली ठेवला. शेवटी तिने नुसतं जेवायला बोलावलं. तोंडाने जमत नाही ती माफी तव्यावर मागावी म्हणून.

"अजून नाही झाला?" तिच्या नवऱ्याने, फेर्नाँने, डोकावून विचारलं.

"मला काय माहीत? कधी केलाय का असा?"

म्हणून त्या दोघांनी वाट पाहिली. मिरी करपली. करपलेल्या मिरीचा धूर डोळ्यांत गेला, घशात गेला, दोघांना ठसका लागला. फेर्नाँने चिमणी पूर्ण जोरात लावली. डोळ्यांत पाणी साचलेलं, त्यात शेवटी स्टेकवर ओतून पेटवायच्या कोन्याक ब्रँडीच्या बाटलीचा सोलांजला अंदाज आला नाही. घोटभर पडायची ती अर्धी बाटली पडली, आणि हाताने सवयीने काडी ओढली. जाळ सरळ चिमणीत शिरला. फेर्नाँने हाताला लागेल ते उचलून भिरकावलं. हाताला लागलं होतं ते सॉससाठी काढून ठेवलेलं क्रीम. आग विझली. सॉस मात्र छतावरून ठिबकत होता.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात मार्गो, रेमी आणि त्याच्या कडेवर सुझोन. समोर सासू, नाक लाल, एक भुवई अर्धी जळालेली, गालांवर पाण्याच्या धारा.

मार्गो बघतच राहिली. मग पुढे होऊन तिने सोलांजला मिठीच मारली. "रडू नका हो," ती म्हणाली. "झालं गेलं."

मिरी लागलीय, एवढं सांगायला हवं होतं. सोलांजने सांगितलं नाही. आणि थोड्या वेळाने धूर निवळला तरी पाणी काही थांबेना, तेव्हा सांगण्यासारखं उरलंही नाही.

टेबलावर काळा ठिक्कर स्टेक आला. "तुझ्यासाठी पूर्ण शिजवलाय," ती म्हणाली. "आवडतो ना तुला तसा."

मार्गोने रेमीकडे पाहिलं. "मला? मला तर लालच आवडतो. माहेरी जवळजवळ कच्चाच खातो आम्ही."

"मग तेव्हा?"

"तेव्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी कच्चं बंद केलं होतं. जेवण झालं की सांगणार होतो तुम्हाला."

सुझोन पाव चोखत होती. त्या दिवशी मार्गोने वाइनलाही हात लावला नव्हता, हे सोलांजला आत्ता आठवलं. तिने तोही नखराच धरला होता. एवढी मुलं वाढवलेल्या शेजारपाजारच्या बायका टेबलाशी होत्या, एकीलाही सुचलं नव्हतं. तिला स्वतःलाही नाही.

"अजून एक तुकडा आहे," ती घाईने उठली. "तुला हवा तसा करते, आत्ता."

मार्गोने ताटली स्वतःकडे ओढली. "नको. आज हाच बरा."

"माझ्यासाठी गोड मानून घेऊ नकोस, पोरी."

"तुमच्यासाठी नाही," मार्गो म्हणाली, आणि सुरी चालवू लागली. सुरी चालेना.

सोलांज उभीच राहिली. मग तिने सुनेपुढचा वाइनचा तसाच भरलेला ग्लास उचलला आणि फेर्नाँपुढे सरकवला.