वेल्माचं कपाट आणि डेलमारचं पुडिंग

वेल्मा हसली, तिथून सगळं बिघडलं.

म्हणजे ती कधी हसत नव्हती असं नाही. पण नवऱ्याच्या गोष्टीला ती हसायची ते ओठ मिटून, हातातलं विणकाम न थांबवता. आणि परवा खाणावळीत डेलमार फ्लिनच्या गोष्टीला अशी हसली की तिच्या नाकातून कॉफी आली. नवऱ्यानं, म्हणजे लॉयड किन्सरनं, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. वर रुमालही त्यालाच द्यावा लागला.

गोष्ट कसली, तर एका शब्दाची. अमेरिकेतल्या आमच्या इंडियाना राज्यात राहतो तो हूझर. आम्ही सगळेच हूझर. आता हा शब्द आला कुठून ते देवालाही ठाऊक नाही, म्हणून घरटी एक गोष्ट आहे. लॉयडची अशी, की जुन्या काळी रानातल्या खोपटाचं दार कुणी वाजवलं, की आतला माणूस बंदूक धरून खेकसायचा, 'कोण आहे तिकडं?' इंग्रजीत ते 'हूज यर?' असं घाईघाईनं खेकसता खेकसता त्याचं हूझर झालं. दरवर्षी मका काढून झाला, की चर्चमध्ये जेवण असतं. ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा. पोटं भरली, की पाद्री विचारणार, आपल्याला हूझर का म्हणतात बरं? आणि लॉयड पट्टा सैल करून उभा राहणार. त्याच्या आधी त्याचा बाप उभा राहायचा. दुसऱ्या कुणी उभं राहायची रीतच नाही.

आता हा डेलमार. सेंट लुईसला आयुष्य काढलं आणि बायको गेल्यावर गावात परत आला. तो सांगत होता, तिकडं हूझर ही शिवी आहे. ज्याच्या ओट्यावर फाटका सोफा आणि अंगणात विटांवर चढवलेली गाडी, तो हूझर. "पहिल्याच दिवशी शेजारीण म्हणाली, तू अगदी हूझर दिसतोस. मी खूश. म्हटलं, हो ना, आईबाप दोन्हीकडून." तिथंच वेल्माची कॉफी नाकात गेली.

"डेलमार छान सांगतो, नाही?" घरी येताना ती म्हणाली.

"आवाज बसका आहे त्याचा," लॉयड म्हणाला.

त्यात पुडिंगची भर. झाडाखाली गळून पडलेली पर्सिमनची फळं वेचून वेल्मा पुडिंग करते, ते तालुक्यात कुणाला जमत नाही. हल्ली ती दर आठवड्याला दोन करायला लागली होती. एक टेबलावर यायचं. दुसरं कुठं जातं ते लॉयडनं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं.

जेवणाच्या दिवशी वेल्मा सकाळीच बटाटे कुस्करायला चर्चमध्ये गेली आणि लॉयडला स्वयंपाकघरातलं कपाट दिसलं. तिच्या आईचं. वर पिठाचा डबा, डब्याला चाळणी, खाली पुढं ओढून घ्यायची फळी. या कपाटालाही हूझरच म्हणतात. लॉयडनं ठरवलं, यंदा गोष्ट बदलायची. हा शब्द या कपाटावरून आला, असं ठोकून द्यायचं आणि कपाटच समोर उभं करायचं. डेलमारकडं नुसतं तोंड आहे, आपल्याकडं लाकूड असेल. शब्द कपाटापेक्षा कितीतरी म्हातारा आहे हे त्याला माहीत होतं. पण गोष्टीला जन्मदाखला कोण मागतो?

कपाट न्यायचं कशात? लॉयडची गाडी दुरुस्तीला गेलेली. गावात त्या वेळी रिकामा ट्रक एकाच माणसाकडं होता, आणि तो माणूस हाक मारायच्या आत हजर झाला. "अरे गड्या, तुझं काम ते माझं काम," डेलमार म्हणाला आणि जड बाजू त्यानं स्वतः उचलली. लॉयडला याचाही राग आला.

ट्रकवर चढवताना कपाटाचं दार उघडलं. आत पुडिंग. चर्चच्या जेवणात भांडी बदलू नयेत म्हणून आमच्याकडं बुडाला चिकटपट्टी लावून घराचं नाव लिहितात. लॉयडनं भांडं उचलून पाहिलं. पट्टीवर लिहिलं होतं, फ्लिन.

शहाण्यानं ते भांडं घरात नेऊन ठेवलं असतं. लॉयडनं ते होतं तिथंच, अगदी कडेला ठेवलं आणि दार मुद्दाम अर्धवट लावलं. मग डेलमारशेजारी बसायला नको, म्हणून तो मागं कपाटाला मिठी मारून बसला.

रस्ता खड्ड्यांचा. पहिल्या खड्ड्याला पुडिंग लॉयडच्या मांडीवर आलं. दुसऱ्याला चाळणी सुटली. वेल्मानं पीठ आदल्याच दिवशी भरलं होतं, शेवयांसाठी. वारा समोरून. चर्चपर्यंतचा रस्ता पांढरा झाला, आणि उतरला तो लॉयड नव्हता, पीठ लावून तळायला ठेवलेलं काहीतरी होतं.

वेल्मा हात पुसत बाहेर आली. तिनं कपाट पाहिलं, नवरा पाहिला आणि त्याच्या मांडीवर बोट टेकवून चव घेतली.

"हे डेलमारचं होतं."

"माहीत आहे," लॉयड म्हणाला. "कधीपासून चाललंय?"

"तो गावात आल्यापासून. मीच बोली केली होती. दर आठवड्याला पुडिंग देईन, पण जेवणाच्या दिवशी गोष्ट सांगायला उभं राहायचं नाही. म्हटलं, आमच्या लॉयडला ती एकच येते."

डेलमार रिकाम्या भांड्याकडं बघत होता. "आठवडाभर वाट बघितली होती गड्या," तो म्हणाला.

जेवणं झाली. पाद्र्यानं विचारलं. लॉयड उभा राहिला, तोंड उघडलं, आणि पिठाच्या शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. तेव्हा मागून डेलमार उठला.

"सेंट लुईसचे लोक हूझर नक्की कुणाला म्हणतात, ते मला इतकी वर्षं कळलं नव्हतं," तो बसक्या आवाजात म्हणाला. "आज माझ्या ट्रकमध्ये मागं बसून आलं."

सगळा हॉल हशानं फुटला. लॉयडनं फक्त वेल्माकडं पाहिलं. ती त्याच्याकडंच बघत हसत होती, आणि कॉफी नाकातून आली होती. त्यानं रुमाल दिला. तिचं नाकही पांढरं झालं.

रात्री कपाट पुसता पुसता लॉयड म्हणाला, "पुढच्या आठवड्यापासून त्याला पुडिंग चालू ठेव."

"परत गप्प बसवायचंय?"

"नाही. पुढच्या वर्षी हीच गोष्ट सांग म्हणावं." त्यानं चाळणी परत डब्याला बसवली. "आणि माझ्यासाठी त्याच्यापेक्षा मोठं भांडं घे."