तिसऱ्या पायरीवरचं नाक

"आज सिनेमाचा विषय काढलात तर मी याच जिन्यावरून खाली उडी मारीन," सेतोबाईंनी चहाघराचा जिना चढता चढता नवऱ्याला बजावलं.

"पहिलाच मजला आहे. फार तर पाय मुरगळेल," सेतो म्हणाला.

"बाबा!" मागून का-पो म्हणाली.

मग मात्र सेतो कठडा धरून निमूट चढू लागला. का-पोला एकतिसावं लागलं होतं आणि आधीचं स्थळ निव्वळ सेतोच्या तोंडापायी मोडलं होतं. त्या मुलाचे वडील भर जेवणात सहज बोलून गेले, की 'खडावांचा सूड' या सिनेमाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा रंगतदार आहे. झालं. ज्या घरात दुसरा भाग आवडतो त्या घरात मी मुलगी देणार नाही, असं सेतोनं तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. वास्तविक मुलगी द्या असं अजून कोणी म्हटलंही नव्हतं. आज का-पोनं स्वतः पसंत केलेला मुलगा विंग-शान आपल्या आईवडिलांना घेऊन येणार होता. हे स्थळ मोडलं तर ती घर सोडून निघून जाईल, आणि जाताना एक शब्दही बोलणार नाही, हे सेतोला पक्कं ठाऊक होतं.

शाम-शुई-पो या गजबजलेल्या वस्तीत एका जिन्याखाली सेतोचं घड्याळं दुरुस्त करायचं टपरीवजा दुकान होतं. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे मोठ्या गोष्टी त्याच्या नजरेतून सटकायच्या, बारीक मात्र एक सुटायची नाही. 'खडावांचा सूड'चा पहिला भाग त्यानं थिएटरात अकरा वेळा आणि घरी टेपवर वीसेक वेळा पाहिला होता. शेवटी खडाववाला वीर म्हाताऱ्या आईच्या मांडीवर प्राण सोडतो, तिथे तो प्रत्येक वेळी ढसाढसा रडायचा. आणि मग आला दुसरा भाग. त्यात मेलेल्या वीराचा जुळा भाऊ निघाला! पहिल्या भागात म्हातारी 'माझा एकुलता एक गेला' म्हणून टाहो फोडत होती, मग हा दुसरा तिनं काय माळ्यावर ठेवला होता? हा सेतोचा मुद्दा क्रमांक एक. असे एकूण चौदा होते. राजाच्या शिपायाच्या मनगटावर घड्याळ होतं, हे एक वेळ त्यानं पोटात घातलं असतं. पण शिपाई देवळात शिरला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं आणि तासभर मारामारी करून बाहेर पडला तेव्हा अडीच, हे कुठल्या घड्याळजीनं सहन करावं?

चौदावा मुद्दा हा तर सेतोचा हुकमी एक्का. देवळाच्या पायऱ्यांवर प्रेतांचा खच पडलाय, जुळा भाऊ आकाशाकडे मूठ उगारून शपथ घेतोय, आणि त्याच्या मागे तिसऱ्या पायरीवरचा मुडदा सावकाश हात उचलतो, नाक खाजवतो, हात पूर्ववत ठेवतो आणि पुन्हा मरतो. गेली अठरा वर्षं दर रविवारी चहाघरात दोन स्टुलांवर आडवा होऊन सेतो हा प्रवेश करून दाखवत असे. लोक त्याला 'नाकवाला सेतो' म्हणत.

हे सगळं माहीत असून बोलणी त्याच चहाघरात ठेवली, ही चूक सेतोबाईंची. तीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला रविवारीही आठ खुर्च्यांचं गोल टेबल मिळतं, याचा त्यांना अभिमान होता. माणसं सहा आणि खुर्च्या आठ, म्हणजे रविवारच्या गर्दीत उरलेल्या दोन खुर्च्यांवर वाटेल तो येऊन बसणार, इकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

विंग-शानचे वडील याम, किडकिडीत, सत्तरीचे, एका खांद्यानं किंचित खाली कललेले. यामबाई ठसठशीत आणि शकुन-अपशकुनाच्या बाबतीत कडक. बसल्या बसल्या त्यांनी नोकराला टेबलावरची चौथी बशी उचलायला लावली. शुभ बोलण्यांत चाराचा आकडा नको आणि त्यांच्या भाषेत त्या आकड्यासारखाच ऐकू येणारा 'मरण' हा शब्द तर मुळीच नको.

चहा झाला, कोळंबीच्या करंज्या आल्या, कोंबडीचे पाय आले. सेतो इतका शहाण्यासारखा बसला होता, की सेतोबाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "याम साहेब, आपण पूर्वी काय करत होता?"

"सिनेमात होतो," याम म्हणाले.

सेतोनं छताच्या पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

"म्हणजे हिरोबिरो नव्हे हो. मारामारीतलं काम. मार खायचं. गच्चीवरनं उडी टाकायची, आपटायचं आणि मग..." यामबाईंनी कोपरानं ढोसलं, "आणि मग झोपायचं."

"झोपायचं?"

"आज शुभ दिवस आहे, झोपायचंच म्हणूया. पन्नासेक सिनेमांत झोपलो. 'खडावांचा सूड' पाहिला असेल तुम्ही. दोन्ही भागांत होतो. दुसऱ्यात तर देवळाच्या पायऱ्यांवर तीन दिवस भर उन्हात झोपवलंन् मला. तिसरी पायरी."

सेतोच्या घशात करंजी अडकली. का-पोनं पाठीत बुक्की मारली. ती करंजीसाठी लागेल त्यापेक्षा जरा जोराची होती. सेतोनं डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि मनाशी निश्चय केला, की आज जीव गेला तरी नाकाचं नाव काढायचं नाही.

नेमका त्याच वेळी पक्ष्याचा पिंजरा घेऊन लठ्ठ फुक आला आणि मोकळ्या खुर्चीत ऐसपैस बसला. सेतोचा हा तीस वर्षांचा चहामित्र.

"काय नाकवाले! पाव्हणे वाटतं? नाक दाखवलंस का त्यांना?"

सेतोनं झटक्यात किटली उचलून सगळ्यांचे भरलेले पेले पुन्हा भरायला घेतले. सगळ्यांनी आभारादाखल टेबलावर बोटं टकटकवली. त्यानं आणखी ओतला. त्यांनी आणखी टकटकवली. चहा बशीतून ओसंडून चादरीवर आला.

"कसलं नाक?" यामनी एका हातानं टकटक करत विचारलं.

"माझं. माझंच नाक," सेतो घाईघाईनं म्हणाला. "सर्दी. जुनाट. हा माझा मित्र चौकशी करतो बिचारा."

तेवढ्यात वाफेच्या टोपल्यांची गाडी ढकलत हिंग मावशी आली. "सेतोदा, आज आडवे नाही झालात? मी मघापासून दोन स्टुलं अडवून ठेवलीत."

"आडवे?" यामबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"कंबर! कंबर धरते," सेतो म्हणाला. "म्हणजे काय होतं, सर्दी नाकातनं जी सुटते ती थेट कमरेत उतरते. मग आडवं व्हावं लागतं."

"आणि मग सावकाश हात वर येतो," फुक रंगात येऊन म्हणाला.

"हातसुद्धा जातो?" यामबाईंनी खुर्ची इंचभर मागे घेतली. मुलाच्या कानाशी कुजबुजल्या, पण त्यांचं कुजबुजणं शेजारच्या तीन टेबलांना ऐकू जात असे, "हे घराण्यात आहे का विचार. पोरीला शिंका येतात का बघ."

का-पोला नेमकी तेव्हाच शिंक आली. फुकच्या पिंजऱ्यातलं पीस उडून नाकाशी आलं होतं, पण ते आता कोण बघतो! यामबाईंनी पर्स मांडीवर घेतली. सेतोबाई टेबलाखालून नवऱ्याचा पाय तुडवत होत्या. विषय बदलायलाच हवा होता, आणि सेतोकडे जन्मात एकच विषय होता.

"ते सर्दीचं जाऊ द्या," तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "याम साहेब, तुमचा तो दुसरा भाग... फारच सुंदर सिनेमा!"

हिंग मावशीच्या हातून टोपलीचं झाकण पडलं. फुकनं पिंजरा खाली ठेवला, सेतोच्या कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणाला, "सेतो, दोन्ही हात वर कर बघू. जीभ बाहेर काढ. अहो वहिनी, माझ्या मेव्हण्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा अशीच सुरुवात झाली होती. अचानक बायकोच्या स्वयंपाकाची तारीफ करायला लागला."

"मला काही झालेलं नाही! सुंदर आहे तो. जुळा भाऊ तर... तर अगदी वेळेवर आला!"

याम सावकाश उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"सेतो साहेब, मी साधा माणूस आहे, पण दूधखुळा नाही. दुसरा भाग सुंदर म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. खुद्द दिग्दर्शकानं आमची माफी मागितली होती. तुम्ही सगळ्यांदेखत माझी टर उडवताय. आम्ही आडवं पडून पोट भरलं, म्हणून?" त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला. "चल, विंग-शान."

विंग-शान अर्धवट उठला, अर्धवट बसला. का-पो काहीच बोलली नाही. तिनं किटलीचं झाकण नीट बसवलं आणि त्यावर हात ठेवून ती खाली बघत राहिली. सेतोला वाटलं, तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. सिनेमाबद्दल तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला होता, आणि त्यापायी पोरीचा संसार मांडण्याआधीच मोडत होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"थांबा!" तो ओरडला. "खोटं बोललो मी. दुसरा भाग भिकार आहे. त्याची चौदा कारणं आहेत, आणि चौदावं कारण तुम्ही आहात!"

"अहो!" सेतोबाई किंचाळल्या.

"आता मला बोलू दे. याम साहेब, तुम्ही तिसऱ्या पायरीवर मे... झोपला होतात, आणि झोपेत तुम्ही नाक खाजवलंत. अठरा वर्षं मी त्याची नक्कल करून सगळ्या चहाघराला हसवतोय. मला सर्दी नाही, कंबर ठणठणीत आहे. मला काय बोलायचं ते बोला, पण पोरीला बोल लावू नका. तिला त्या पिसानं शिंक आली."

यामनी कोट खाली ठेवला.

"कुठल्या हातानं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"नाक. कुठल्या हातानं खाजवलं?"

"डाव्या," सेतो खालच्या आवाजात म्हणाला. "करंगळीनं. दोनदा. दुसऱ्यांदा जरा आतून."

"डाव्या करंगळीनं!" यामनी टेबलावर थाप मारली. "ऐकलंस?" ते बायकोवर ओरडले. "ऐकलंस का रे विंग-शान? तीस वर्षं सांगतोय, मी सिनेमात होतो, मी सिनेमात होतो. ही म्हणते, पडलेल्या सगळ्यांना सारखीच शेंडी, त्यात तुम्ही कुठले? पोरगा म्हणतो, बाबा, सगळे पालथेच आहेत. सख्ख्या माणसांना मी कधी दिसलो नाही, आणि या माणसानं मला ओळखलं! करंगळीसकट!" त्यांचा आवाज चिरकला. त्यांनी टेबलाच्या चादरीचं टोक ओढून डोळे टिपले. "रक्त म्हणून मध फासला होता हो तोंडाला. माशी बसली. दोन दिवस सोसलं मी, देवाशपथ. तिसऱ्या दिवशी नाही राहवलं."

यानंतर नक्कल करून दाखवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. हिंग मावशीनं स्टुलं जोडली. यामबाईंनी कान झाकून तीनदा थू थू केलं, मग एका कानावरचा हात काढला. सेतो आडवा झाला. याम शेजारी उभे राहून सूचना देऊ लागले, "घाई करू नका. माशीचा विचार करा. हां, आता करंगळी!" सगळं चहाघर टाळ्या वाजवत होतं. का-पो इतकी हसली, की तिला पुन्हा शिंक आली आणि यामबाईंनीच तिला रुमाल दिला.

तारीख ठरवायला दुपारी सगळे सेतोच्या घरी जमले. जन्मवेळा जुळवून यामबाई पंचांग उघडत होत्या, तेवढ्यात याम म्हणाले, "व्याही, पहिल्या भागात मी कुठे आहे ते ओळखलंत का?"

"पहिल्या भागात चूक नाही," सेतो ठामपणे म्हणाला.

"टेप लावा तर."

सेतोनं टेप लावली. खडाववाला वीर कोसळला. म्हातारी धावत आली, तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सेतोनं सवयीनं रुमाल काढला.

"हां, आता तिच्या खांद्यामागे बघा. टोपीवाला पडलाय ना? तो मी. तिनं 'माझा एकुलता एक' म्हटलं की मी शिंकतो."

"छे!"

"आवाज मागाहून भरला, म्हणून ऐकू येत नाही. टोपी बघा, टोपी."

"माझा एकुलता एक!" म्हातारीनं टाहो फोडला, आणि तिच्या खांद्यामागे एक टोपी टुणकन उडाली, प्रेताच्या पोटावर पडली, आणि प्रेतानं ती सावकाश पुन्हा डोक्यावर चढवली.

खोलीत हसण्याचा स्फोट झाला. का-पो हसली, विंग-शान हसला, सेतोबाई तर पंचांगावर आडव्या पडून हसल्या. एकतीस वेळा डोळे पाण्यानं भरल्यामुळे सेतोला ती टोपी दिसली नव्हती. आता ती दिसली होती, आणि यापुढे दुसरं काहीही दिसणार नव्हतं. त्याचे डोळे कोरडे ठणठणीत राहिले.

यामनी प्रेमानं त्याच्या गळ्यात हात टाकला. "अजून अठ्ठेचाळीस सिनेमे आहेत माझे. तुमचा आणखी कुठला आवडता आहे, सांगा. त्यातही असेन मी."

सेतोनं टीव्ही बंद केला.

"मी सिनेमे बघत नाही," तो म्हणाला.