पुलाची मुहूर्तमेढ

पुलाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. कसाऱ्याच्या घाटात एकतीस वर्षं मी रेल्वेचे पूल सांभाळले, शेवटची बारा वर्षं मुकादम म्हणून. हातोडीचा एक टोला मारला की कुठला रिव्हेट सैल झालाय ते मला आवाजावरून कळतं. साहेब लोक नकाशे बघायचे आणि शेवटी मलाच विचारायचे, "नाना, काय म्हणतो पूल?" असा मी माणूस. दोन हजार तीन साली रिटायर होऊन आटगावला घरी बसलो, आणि सहा महिन्यांत कंटाळून भिंतींवर हातोडी मारत फिरायला लागलो.

मग मी आगगाडी केली. हातभर लांब इंजिन, तेलाच्या डब्याचा पत्रा, ट्रकच्या वायपरची मोटर, स्कूटरची बॅटरी. लोखंडी पट्ट्यांचे रूळ ओट्यावरून फिरवले. गाडी झकास धावायची. माझ्या बायकोने, कमळने, ती बघून एवढंच विचारलं, "शहापुरावरून भाजी आणंल का ती?"

पण ओट्यावर गोल गोल फिरणारी गाडी म्हणजे घाण्याचा बैल. मला ती अंगणातून विहिरीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत न्यायची होती. आमचं अंगण ओट्यापासून विहिरीकडे उतरत जातं. गाडी एका पातळीत न्यायची तर मधे तीस फूट लांबीचा पूल हवा, आणि विहिरीपाशी त्याची उंची सात फूट. मी ठरवलं, ट्रेसल घालायचा. ट्रेसल म्हणजे तिरप्या पायांच्या चौकटी एकापुढे एक उभ्या करायच्या आणि त्यांच्यावरून रूळ न्यायचे. ब्रिटिशांनी लाकडाचे घातले, मी बांबूचा घालणार होतो. आठवड्याचं काम. गावाने बघत राहावं असा पूल!

आता घरातली एक अडचण सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच आलं. आमची मुलगी निशिगंधा शहापूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. मुरबाडच्या राघोशेठचा दिपेश भातसानगरला पंपावर नोकरीला. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, राघोशेठने येऊन सुपारी फोडली, साडी दिली, आणि तारीख काही देईना. तारीख मुलाकडच्यांनी द्यायची, ही आमच्याकडची रीत. आधी म्हणाला घराचा स्लॅब पडू दे. मग म्हणाला म्हैस विऊ दे. मग म्हणाला यंदा आंबा कमी आहे. दीड वर्ष गेलं. मुलीच्या बापाने घाई केली तर मुलगी बापाला जड झाली असं लोक म्हणतात, म्हणून मी गप्प. कमळ रात्रंदिवस धुमसत होती. निशिगंधा काही बोलायची नाही, पण कॅलेंडर बदललं त्या दिवशी ती जेवली नव्हती.

एप्रिलात कमळ पापड करायला मुरबाडला बहिणीकडे गेली, आठवड्यासाठी. मी संधी साधली. सोमवारी सकाळी पुलाची मधली रेघ आखली. खुणेला एक खांब हवा होता. विहिरीजवळ उंबराची फांदी मोडून पडली होती, चांगली सरळ. तीच रोवली. रेल्वेत कुठल्याही पुलाचा पहिला खांब नारळ फोडल्याशिवाय उभा राहत नाही, म्हणून देवघरातून हळदकुंकू आणलं, खांबाला लावलं, आंब्याचे टाळे बांधले, नारळ फोडला. धाऊ सायकलवरून चालला होता. त्याचं घर आमच्या शेजारी, आणि गावातले सगळे मांडव तोच घालतो. तो थांबला, खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि काही न विचारता गेला.

मंगळवारी उजाडताच धाऊ दोन बांबू खांद्यावर घेऊन हजर.

"कुठं टाकू, नाना?"

मी चकित झालो. मी त्याला बोलावलं नव्हतं. त्याच्यामागून दुसरा आला, त्याच्याकडेही बांबू. दुपारपर्यंत अंगणात पन्नास-साठ बांबू पडले. कुणी काथ्या आणला, कुणी पहार आणली. मला वाटायचं, गाव माझ्या आगगाडीला हसतं. आणि इथे घरटी एक माणूस पुलाला हातभार लावायला आला होता!

"तुमी लोकांनी एवढी तसदी कशाला घेतली?" मी म्हटलं.

"इचारायचं आसतं का नाना? आणायचं आसतं," धाऊ म्हणाला.

बुधवारी गंगी आली. गंगी म्हणजे गावातली धवले, लग्नाची गाणी, म्हणणारी, लग्नांत देवाधर्माचं सगळं तिच्या शब्दाने चालतं. बरोबर सात-आठ बायका. "नाना, तांदूळ काढ," ती म्हणाली. मला वाटलं, कमळने काही निवडायला सांगितलं असेल. मी दोन गोणी काढून दिल्या आणि पुन्हा चौकटींकडे वळलो. बायका मागच्या पडवीत गाणी म्हणत तांदूळ निवडत बसल्या. काम करताना गाणं असलं की हात चालतो, म्हणून मला बरंच वाटलं.

गुरुवारी पूल उभा केला. पंधरा चौकटी जमिनीवर बांधून ठेवल्या होत्या. एकेक उचलायची, खड्ड्यात बसवायची, ओळंबा लावायचा. वीस माणसं माझ्या शिट्टीवर हलत होती. शेवटी तीस फुटांचा पाट वर चढवला, रूळ ठोकले, आणि मी हातोडीने एक टोला मारला. बांबू असूनही आवाज घट्ट आला.

धाऊ मात्र लांबून डोकं खाजवत होता. "नाना, लांबीला बरा हाय. पर रुंदी दीड फूटच ठेवलीस?"

"दीड फूट पुष्कळ झालं. वरनं माझी गाडी जाणार."

"ती जाऊ दे रं. पर पंगत कुठं बसंल?"

मी म्हटलं, बरोबर आहे, एवढी राबली माणसं, उद्घाटनाला जेवण तर द्यायलाच हवं. "पंगत मागच्या बाजूला बसवू," मी सांगितलं. धाऊचं समाधान झालं. त्याने जाताना पुलाला झेंडूची माळही घातली.

शुक्रवारी दुपारी कमळ परत आली. हातातली पापडांची पिशवी तिने फाटकातच टाकली.

"आवो, कुनाचं लगीन हाय आपल्या घरी?"

"लगीन? कुठं काय?"

"येष्टीत दोन बाया मला इचारतात, तुज्या दारात मांडव, आन तू मुरबाडात पापड लाटतेस? मला वाटलं, येडं लागलंय त्यांना." तिने खांबाकडे बोट केलं. "उंबराची मेढ रोवलीत. हळद लावलीत. नारळ फोडलात. आता अक्षता तेवढ्या टाकायच्या ऱ्हायल्या."

मी खांबाकडे बघितलं. एकतीस वर्षं रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली की माणूस गावच्या रीती विसरतो, हे खरं. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ उंबराची असते. ती दिसली की घरटी एकेक बांबू आणायचा, न बोलावता. मुलीच्या बापाला तारीख विचारायची नाही, तो सांगेल तेव्हा सांगेल. आणि गंगीच्या बायकांनी पडवीत दोन गोणी तांदूळ लग्नासाठी निवडून ठेवला होता. मी ओट्यावर बसलो.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. राघोशेठ उतरला, मागून दिपेश. राघोशेठ मुरबाडच्या बाजारात बैलांचा सौदा करणारा माणूस, आवाज त्या मापाचा. त्याने खिशातून साखरपुड्याची सुपारी काढून परत करायला ओट्यावर ठेवली.

"सुपारी माज्यासंगं फोडलीत. मांडव कुनासाठी घातला?"

निशिगंधा दारात उभी होती, मान खाली घालून. दीड वर्ष पोरीने तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि मी माझ्या खेळण्यापायी तिचं लग्न मोडत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

"राघोशेठ, हा मांडव नाय. हा पूल हाय. माझ्या गाडीचा."

"साठ वर्षांचा मानूस खेळन्याच्या गाडीला नारळ फोडतो? हे मी मुरबाडात कुनाला सांगू?"

बोलून काही होणार नव्हतं. मी गाडी रुळावर ठेवली आणि स्विच दाबला. ती ओट्यावरून निघाली, पुलावर चढली, झेंडूची माळ इंजिनात अडकली ती ओढत पुढे गेली. पूल जरासुद्धा हलला नाही. गाडी टाकीला जाऊन थांबली. राघोशेठ बघत होता.

"परत आन," तो म्हणाला.

मी परत आणली.

"आता मी दाबू?"

पाच फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीला त्याला आठवलं की आपण भांडायला आलोय. त्याने स्विच खाली ठेवला आणि घसा साफ केला. "पूल हाय, मान्य. मंग ती मेढ उपटून टाका. लोकांत हसं नको."

त्याच वेळी गंगी पडवीतून पुढे आली. हातात सूप होतं. "कोन उपटतंय ते बगते मी. उंबराची मेढ रोवली, नारळ फुटला, मी पाच धवले म्हटले. आता लगीन लागल्याबिगर ती काढली तर दोनी घरांना बाधतं. तुज्या घरात म्हैस गाभन हाय ना रं, राघो?"

राघोशेठ जगात दोनच गोष्टींना मानतो, रीत आणि म्हैस. त्याने दिपेशकडे बघितलं. दिपेश चपलेने माती उकरत होता. राघोशेठने कमळकडे बघितलं, ती पदर सावरून उभी होती आणि तिच्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. मग त्याने सुपारी उचलून परत खिशात घातली.

"येत्या रविवारच्या पुढचा रविवार," तो म्हणाला.

"पत्रिका छापायला टाइम नाय उरत," धाऊ म्हणाला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

नऊ दिवसांत लग्न झालं. धाऊने पुलाच्या दोन्ही बाजूंना खरा मांडव घातला, पूल मधे राहिला. अक्षता गाडीवरून वाटल्या. राघोशेठ स्विचजवळून हलेना, मंगलाष्टकं सुरू झाल्यावर त्याला दंडाला धरून पुढे न्यावं लागलं. पंगत मागच्या बाजूला बसली.

पाठवणीच्या वेळी मात्र माझा धीर सुटला. एकुलती एक पोर. कमळ आधीच गंगीच्या खांद्यावर होती. सगळं गाव माझ्याकडे बघत उभं होतं, बाप आता रडणार म्हणून. निशिगंधा माझ्या पाया पडली, उठून गळ्यात पडली, आणि माझा हुंदका घशाशी आला तेवढ्यात ती कानात म्हणाली, "बाबा, रडू नका. दिपेशला फोन मीच केलेला. त्याला सांगितलं, तुज्या बाबांच्या कानावर घाल, आटगावला मांडव घातलाय म्हणून."

"कधी?"

"गुरुवारी, तुमी टोला मारलात त्याच्यानंतर. सोमवारी करणार होते, पण म्हटलं, आधी पूल नीट उभा ऱ्हाऊ दे."

ती जीपमध्ये बसली, जीप गेली, आणि मी तोंड उघडं टाकून तिथेच उभा. रडायचं राहूनच गेलं. नाना काय घट्ट काळजाचा बाप आहे, असं अजूनही गावात माझं नाव निघतं. मी कुणाला काही सांगितलेलं नाही.