खिडकीखालचं गाणं

पुरिता दातांच्या डॉक्टरकडून गुणगुणत परत आली आणि तिथेच तिच्या नवऱ्याचं, नातोचं बिनसलं. दाढ काढून आलेली बाई विव्हळते, निदान गालाला हात लावून गप्प तरी बसते. ही तांदूळ धुता धुता गुणगुणत होती. बरं, डॉक्टर तरी कोण, तर पास्कुआल! लग्नाआधी हाच पास्कुआल गिटार गळ्यात अडकवून पुरिताच्या घरावरून चकरा मारायचा. अख्ख्या लिपा शहरात हिला दुसरा दातवाला मिळू नये?

"कुठलं गाणं आहे गं हे?" नातोने जमेल तितकं सहज विचारलं.

"एका जुन्या मालिकेचं. दवाखान्यातल्या टीव्हीवर लागली होती. नाव दिसायच्या आत मला आत बोलावलं." पुरिता म्हणाली, "ती आंधळी मुलगी होती बघ त्यात, गजरे विकणारी. का पांगळी होती?"

"एकदा बघून गाणं पाठ झालं?"

"छे, ते जुनंच पाठ आहे! पण मालिकेत नव्हतं ऐकलं मी. आमच्याकडे तेव्हा टीव्ही तरी होता का? खिडकीखाली म्हटलं होतं कोणीतरी." आणि ती हसली.

"कोणी?"

"आठव की!"

नातो आठवायला बसला. त्या काळी आमच्याकडे पोरीच्या खिडकीखाली गाणं झाल्याशिवाय लग्नाचा विषयच निघत नसे, आणि पुरिताच्या खिडकीखाली तर रांग लागायची. नातोही गेला होता. आपण कुठलं गाणं नेलं होतं ते त्याला आठवेना, सासऱ्याचा कुत्रा तेवढा लख्ख आठवला. पण टीव्हीवरचं असलं काही आपण नेलं नसणार, एवढी त्याची खात्री होती. मग उरला पास्कुआल. आता मालिका कधीची ते शोधायचं. पास्कुआल शिकायला मनिलाला गेला त्यानंतरची निघाली तर तो सुटला. आधीची निघाली तर त्याची काही खैर नव्हती.

दुसऱ्या दिवशी नातोच्या पंक्चरच्या दुकानात टायर तसेच पडून राहिले. शेजारी तळलेली केळी विकणाऱ्या बेबांगमावशींना त्याने गाठलं.

"आंधळी नव्हती रे ती," मावशी म्हणाल्या. "मुकी होती."

"मुकी कशी असेल? शेवटी गाणं तीच म्हणायची ना?"

"म्हणून तर रडू यायचं!"

"बरं, कुठल्या वर्षी लागायची?"

"माझे गुडघे धरले ना, त्याच वर्षी."

"आणि गुडघे कधी धरले?"

"ती मालिका लागायची तेव्हा."

गाणी म्हणाल ती ओळखणारा माणूस गावात होता. नातोचा जुना दोस्त तेम्योंग. वाढदिवसांना कराओकेचं मशीन भाड्याने द्यायचा. पण तेम्योंगला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं. त्यापेक्षा रेडिओ बरा, असं नातोने ठरवलं. सकाळच्या एका कार्यक्रमात लोक अर्धवट आठवणारी गाणी फोनवर गुणगुणतात आणि ऐकणारे ती ओळखतात. सगळं गाव तो लावूनच कामं करतं, हे त्याला सुचायला हवं होतं. त्याला एवढंच सुचलं की नाव खोटं सांगावं.

"मी दुसऱ्या गावचा रामोन बोलतोय," तो म्हणाला आणि त्याने गुणगुणून दाखवलं.

"रामोनदादा, मागची मोटारसायकल जरा बंद करता का?" निवेदिका म्हणाली.

"कुठली मोटारसायकल?"

निवेदिकेला खोकल्याची उबळ आली. एका श्रोत्याला ते वाढदिवसाचं गाणं वाटलं, दुसऱ्याने दूरध्वनी खात्याची तक्रार केली. तिसरा फोन तेम्योंगचा.

"रामोन-बिमोन कोणी नाही हो, हा नातो! इतका बेसूर अख्ख्या प्रांतात दुसरा नाही. अरे गाढवा, हे गाणं मीच म्हटलं होतं! पुरिताच्या खिडकीखाली, तुझ्यासाठी! तू पुढे उभा राहून तोंड हलवत होतास, मी केळीच्या झाडामागे! कुत्रा सुटला तरी शेवटपर्यंत म्हटलं मी!"

स्वतःला गळा नसला तर मित्राचा न्यायचा, यात आमच्याकडे कोणी वावगं मानत नाही. फक्त ते बायकोला सांगायचं नसतं. नातोने कधीच सांगितलं नव्हतं. लग्नानंतर कोणी गा म्हटलं की त्याचा घसा बसायचा, कराओके समोर आला की त्याला सर्दी व्हायची.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला. तो खिडकीखालचा मेला गाणारा म्हणजे आपणच! बिचारा पास्कुआल! पण फोन खाली ठेवेपर्यंत तो आनंद विरला. आपण काय केलं, तर तोंड हलवलं. म्हणजे इतकी वर्षं ही मनात जपत बसली होती तो आवाज तेम्योंगचा! पास्कुआल परवडला, तो निदान दाढा तरी काढतो.

घरी जाताना बेबांगमावशी ओरडल्या, "नातो, तोंड हलव की जरा!" तो मान खाली घालून चालत राहिला. आज संसार मोडणार, असंच त्याला वाटत होतं. पुरिता ओट्यावर शेंगा सोलत बसली होती, शेजारी रेडिओ.

"ऐकलंस?" त्याने विचारलं.

"अख्ख्या लिपाने ऐकलं."

"मी तुला सांगणारच होतो गं—"

"काय सांगणार होतास? मला तेव्हाच कळलं होतं. कुत्रा आला तेव्हा तू तोंड घट्ट मिटून भिंतीला चिकटलास, आणि गाणं आपलं चालूच!"

नातो तिच्यासमोर येऊन बसला.

"तरी माझ्याशी लग्न केलंस?"

"मग? आवाजाशीच लग्न करायचं असतं तर तेम्योंगशी नसतं का केलं?"

नातोच्या जिवात जीव आला. आपल्या बायकोसारखी बायको कोणाला नाही, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. तिच्यासमोरच्या टोपलीतल्या शेंगा घेऊन तोही सोलायला लागला. चार-दोन सोलून झाल्या आणि त्याचा हात थांबला.

"पुरिता, तेम्योंगशी केलं असतं म्हणजे? तसा विचार केला होतास की काय?"

"त्याने विचारलं कुठे?" पुरिता म्हणाली आणि टोपली उचलून आत गेली.