रंभाजींचे छत्तीस आठवडे

काष्टीच्या रंभाजींना तीन आठवड्यांपासून दम लागत होता. थोरली लेक विजयमाला त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन आली. एक्स-रेत उजवी बाजू निम्मी पांढरी दिसली. डॉक्टर अश्विनी म्हणाल्या, "फुफ्फुसाभोवती पाणी साठलंय. सोनोग्राफीत नेमकी जागा बघून सुईनं काढू. पण आजच काढायला हवं."

सोनोग्राफीच्या रांगेत मी सुनेला घेऊन बसलो होतो, म्हणून पुढचे सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले. गर्भलिंगनिदान होऊ नये म्हणून कायदा आहे आणि कायद्यासाठी संगणकावर फॉर्म आहे. रुग्ण कोणीही असो, फॉर्म भरल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. ही व्यवस्था संदीप नावाचे कारकून निष्ठेने सांभाळतात.

"पतीचे नाव?" संदीपनी विचारले.

"मीच पती हाय," रंभाजी धापा टाकत म्हणाले.

रकाना रिकामा चालत नसल्याने तिथे त्यांच्या पत्नीचे, भागिरथीबाईंचे नाव गेले.

"अपत्ये?"

"दोन पोरी."

संगणकाचा पडदा लाल झाला. दोन मुली, मुलगा नाही, प्रकरण संशयास्पद. पोटातल्या बाळाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही, असे रंभाजींकडून लेखी घेण्यात आले. त्यांनी अंगठा दिला. बसून राहण्यापेक्षा ते बरे, असे त्यांना वाटले असावे.

"किती आठवडे?"

"तीन."

संगणकाने फार लवकर आल्याचे कळवून आठ आठवड्यांनंतरची तारीख दिली.

"आवो साहेब, आप्पांना बसल्या जागी दम लागतोय," विजयमाला म्हणाली. "आठ आठवडे कसं काढायचं?"

"ताई, माझ्या हातात काय हाय?"

तेवढ्यात डॉक्टर अश्विनी आल्या. त्यांनी तीनच्या जागी छत्तीस टाकले. यंत्र लगेच सुरू झाले आणि नियमानुसार रंभाजींची रवानगी प्रसूतिकक्षात झाली. तिथे सव्वा लिटर पाणी निघाले. तासाभराने रंभाजी एका दमात म्हणाले, "लई मोकळं वाटतंय, च्या सांगा कुनीतरी." मला खरोखर आनंद झाला. चहा मीच सांगितला.

पण त्यांचे प्रकरण बंद झाल्याशिवाय आमचा नंबर लागेना. बाळाचे वजन सव्वा किलो लिहिले गेले, त्यावर 'कमी' असा शेराही आला. शेवटचा रकाना उरला. संदीप रांगेकडे वळले.

"मुलगा की मुलगी? काहीतरी टाकावंच लागतं."

"मुलगा," अख्खी रांग म्हणाली. सर्वांत मोठा आवाज माझा होता.

विजयमाला एक्स-रे पिशवीत घालता घालता थांबली. "पानी हाय ते," ती म्हणाली.

ते आम्हालाही ठाऊक होते. तुम्हालाही ठाऊक आहे. तरी तुमच्या मनात आधी काय आले, ते घरी जाऊन लेकीसमोर एकदा सांगून बघा.