हयात मंडळींची काळजी

ज्या संस्थेत काही गुपित नसतं तिच्यावर कोणी पुस्तक लिहीत नाही, आणि जिच्यात खरोखरच काही गुपित असतं तिच्यावरचं पुस्तक छापून येत नाही. या दोहोंच्या मधे जी चिंचोळी जागा उरते, तिच्यात आमच्या इंग्लंडमधलं सगळं शोधपत्रकारितेचं साहित्य उभं आहे. त्या जागेची झाडलोट माझ्याकडे असते. मी लंडनच्या एका प्रकाशनसंस्थेचा वकील. पुस्तक छापखान्यात जाण्याआधी माझ्या टेबलावर येतं, आणि कोणी दुखावणार नाही इतपतच खरं त्यात ठेवून मी ते पुढे पाठवतो.

आमचा बदनामीचा कायदा जगात नावाजलेला आहे. (परदेशातले धनिक खास विमानाने येऊन त्याचा लाभ घेतात.) या कायद्यात लिहिणाऱ्याने आपलं म्हणणं खरं असल्याचं सिद्ध करायचं असतं, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने फक्त दुखावलं जायचं असतं. हे दुसरं काम लोक फार चोख करतात. सबब, माणसांचे मी तीन वर्ग पाडले आहेत. पहिला, हयात आणि पैसेवाले: यांच्याविषयी लिहायचंच झालं तर त्यांच्या बागेतल्या गुलाबांविषयी लिहावं. दुसरा, हयात पण फाटके: यांच्याविषयी बेताने लिहावं, कारण ते उद्या पहिल्या वर्गात जाऊ शकतात (उदाहरण अजून पाहण्यात नाही). तिसरा वर्ग मयतांचा. मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, असं आमचा कायदा मानतो. त्याच्याविषयी काहीही छापा, त्याच्या बायकामुलांनाही कोर्टात उभं राहता येत नाही. लेखकांना मी नेहमी सांगतो, की बाबांनो, खलनायक लागणारच असेल तर तो कबरस्तानातून आणा.

मॉरिस टेनन्ट हा आमचा सर्वांत धाडसी लेखक. बिशप कसे निवडतात यावर त्याचं पुस्तक आहे, हेरखात्याच्या उपाहारगृहावर आहे, राजघराण्याच्या तबेल्यांवर तर दोन खंड आहेत. प्रत्येक पुस्तकाच्या वेष्टनावर एक बंद दार असतं आणि दाराच्या फटीतून उजेड येत असतो. (दार एकच आहे, आमच्या गोदामाचं.) दहांतले सात वाचक ते पुस्तक आगगाडीत वाचताना आजूबाजूला बघून घेतात, आणि घरी गेल्यावर ते फळीवर ठेवून गाढ झोपतात. देश कोणाच्या मुठीत आहे हे एकदा कळलं की माणसाला मोठी स्वस्थता येते. मॉरिसमध्ये खोड एकच. तो लोकांच्या घरी जातो, त्यांचा चहा पितो आणि त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

त्याच्या नव्या पुस्तकाचा विषय होता, थॉर्नकोट गावचं दिवेकरी बंधुमंडळ. थॉर्नकोट म्हणजे यॉर्कशायरमधलं एक गिरणगाव. गिरण्या बंद पडल्या, मंडळ चालू राहिलं. गावात गॅसचे दिवे येण्याआधीच्या काळोखाचं स्मरण म्हणून ही मंडळी महिन्यातून एकदा एका पबच्या माडीवर जमतात आणि ठार अंधारात जेवतात. सूप, मटणाच्या चापा, वर घट्ट ग्रेव्ही, शेवटी कस्टर्ड. हस्तांदोलन करताना समोरच्याची करंगळी दाबतात. त्याचं नाव, हुद्दा, धंदा विचारायचा नाही असा दंडक आहे. (त्यामुळे गावातले सगळे ठेकेदार, निरीक्षक आणि नगरसेवक एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत नाहीत.) बाहेर बंधूला बंधू ओळखतो तो टायवरच्या ग्रेव्हीच्या डागांवरून. गावातल्या धोब्याला सगळे सभासद ठाऊक होते, पण त्याला कधी कोणी विचारलं नाही.

आता पुस्तकाचं सातवं प्रकरण. गावच्या सार्वजनिक तरणतलावाला नवं छत घातलं गेलं. ठेका एका बंधूला मिळाला, देणारा नगरसेवक बंधू, तुळया तपासून सही करणारा निरीक्षकही बंधू. पुढच्याच हिवाळ्यात एका सकाळी छत कोसळलं. पोहणारे अजून यायचे होते. आत एकटा अर्नेस्ट क्लेग होता, तलावाचा रखवालदार, तो गेला. छताच्या खपल्या पाण्यात पडताहेत म्हणून त्याने नगरपालिकेत जाऊन तक्रार केली होती, एकदा नव्हे, अनेकदा. चौकशी नेमली गेली आणि तिच्या अध्यक्षांच्या टायवरही डाग होता. निष्कर्ष असा निघाला, की रखवालदार तलावाचं पाणी तापवायची भट्टी रात्रभर चालू ठेवत असे, पाण्याची वाफ वर जात असे, तिने तुळया कुजल्या. थोडक्यात, अर्नेस्टने स्वतःच्या डोक्यावर छत पाडून घेतलं.

त्याची बायको डोरीन अजून गावात राहत होती. दुकानात रांगेत उभी राहिली की लोक गप्प होत. ज्यांची पोरं त्या तलावात पोहायला शिकली होती ते म्हणत, की नशीब, पोरं तेव्हा पाण्यात नव्हती, नाहीतर क्लेगने मारलीच असती. मॉरिस तिच्याकडे गेला, चहा प्याला, आणि तिने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. अर्नेस्ट रोज रात्री भट्टी बंद करूनच घरी येत असे, एवढं छापून आणा. नवरा परत येणार नाही हे तिला समजत होतं. त्याचं नाव परत यावं एवढंच तिला हवं होतं. मॉरिसने तिला शब्द दिला. (लेखकाने शब्द देण्याआधी वकिलाला विचारावं, असं आमच्या करारात स्पष्ट म्हटलेलं आहे.)

मॉरिसचं सातवं प्रकरण मी वाचलं. फार सुंदर लिहिलं होतं. प्रत्येक वाक्यात एकेक नाव होतं, आणि प्रत्येक नाव हयात होतं. मी पेन्सिल उचलली. ठेकेदाराचा पहिल्या खेपेला ‘एक व्यावसायिक’ झाला, दुसऱ्या खेपेला ‘बांधकामक्षेत्र’ झालं आणि तिसऱ्या खेपेला ‘त्या काळची परिस्थिती’. नगरसेवकाची ‘स्थानिक परंपरा’ झाली. निरीक्षकाची सही मात्र ठेवली, फक्त ती आपोआप झाली. तक्रारी अर्नेस्टने कोणाकडे केल्या ते सांगता येईना, म्हणून तक्रारीही गेल्या. अंधारातलं जेवण आणि करंगळी यांना मी हात लावला नाही. करंगळी दाबल्याबद्दल आजवर कोणी दावा लावलेला नाही.

मॉरिस माझ्या खोलीत येऊन टेबलावर मूठ आपटून गेला. “अरे, यात कोणीच काही करत नाही. छत काय लाजून पडलं?” असं तो म्हणाला. मी त्याला शांतपणे तीन वर्ग समजावून सांगितले.

इतक्यात, पुस्तकाची कुणकुण लागून, नगरपालिकेच्या वकिलांचं पत्र आलं. अतिशय सभ्य पत्र. प्रकरण छापायला त्यांची हरकत नव्हती, मात्र न्याय्य समतोल म्हणून त्यांचीही बाजू घ्यावी, नाहीतर भेट कोर्टात होईल. समतोल हा आमच्या राष्ट्राचा प्राण आहे. मी समतोल साधला. त्यांची बाजू म्हणजे चौकशीचा निष्कर्ष, म्हणजे भट्टी, म्हणजे अर्नेस्ट. डोरीनची बाजू घेता येत नव्हती, कारण अर्नेस्टने भट्टी बंद केली होती असं म्हटलं की मग छत कशाने पडलं असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर हयात होतं. अशा रीतीने त्या प्रकरणात नावासकट काही करणारा माणूस एकच उरला. प्रकाशकांनी वाचून समाधान व्यक्त केलं. आता कसं, प्रकरणाला चेहरा आला, म्हणाले. मॉरिसने पुस्तक मागे घेण्याची धमकी दिली. पण निदान तलावाचा उल्लेख तरी राहील, या आशेवर त्याने शेवटी मान डोलावली. त्याचा मला त्या दिवशी खरोखर अभिमान वाटला.

प्रकाशनसमारंभ थॉर्नकोटच्याच वाचनालयात ठेवला. दिवेकरी बंधू झाडून आले आणि पहिल्या तीन रांगांत बसले. पुस्तकाने ते हरखून गेले होते. शे-दीडशे वर्षांत त्यांची कोणी दखल घेतली नव्हती, आणि आता सभासदत्वासाठी गावात रांग लागली होती. काही उत्साही इच्छुकांनी टायवर आधीच ग्रेव्ही लावून घेतल्याचं मी स्वतः पाहिलं. मॉरिस सह्या करत होता, आणि बंधू एकामागून एक त्याची करंगळी दाबत होते.

डोरीन क्लेग मागच्या रांगेतून उठली. करडा कोट, हातात पुस्तक, बोट सातव्या प्रकरणात.

“मिस्टर टेनन्ट,” ती म्हणाली, “माझ्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही दोन किटल्या चहा संपवलात. मी काय सांगितलं होतं तुम्हाला? आणि तुम्ही काय लिहिलंत?”

मॉरिसने पेनाला टोपण लावलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. लेखक अडचणीत आला की वकिलाने उभं राहायचं असतं, म्हणून मी उभा राहिलो.

“मिसेस क्लेग, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण कायद्याच्या दृष्टीने तुमच्या पतींची बदनामी झालेलीच नाही.”

“चुलीत गेली तुमची दृष्टी. गाव त्याच्या नावाने थुंकतंय. आजवर निदान तोंडी होतं, आता पुस्तकात आलं. मग झाली कशी नाही?”

“ते वारले आहेत म्हणून.”

“आणि त्याला ज्यांनी मारलं ते?”

“ते हयात आहेत,” मी म्हणालो.

पहिल्या तीन रांगांमधला एकही टाय हलला नाही. डोरीन तशीच उभी राहिली. तिला वाटलं असावं, कोणीतरी पुढचा प्रश्न विचारेल. सभागृह भरलेलं होतं, लोक शिकलेले होते, पुस्तक प्रत्येकाच्या मांडीवर होतं. मग मधल्या रांगेतल्या एका शिक्षिकाबाईंनी हात वर केला आणि अंधारात सूप नेमकं कसं पितात असं विचारलं. सगळे मोकळेपणी हसले. मॉरिस उत्तर देऊ लागला, आणि ते संपायच्या आत डोरीन निघून गेली होती. पुस्तक तिने खुर्चीवरच ठेवलं. (ते आम्ही नंतर विकलं.)

पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघाली आहे. डोरीनने गाव सोडलं असं ऐकतो. कुठे गेली ते मॉरिसला माहीत असावं, पण तो हल्ली माझ्याशी बोलत नाही. त्याच्या जागी आम्हाला दुसरा धाडसी लेखक मिळाला.

ही हकीकतही मी छापण्याआधी नेहमीप्रमाणे तपासली आहे. ठेकेदार, नगरसेवक, निरीक्षक आणि चौकशीचे अध्यक्ष, या चौघांपैकी कोणाचंही नाव हिच्यात नाही. तुम्ही ते शोधलंही नाहीत. तुमच्यासारख्या समंजस वाचकांच्या जिवावरच आमचा धंदा चालतो. आता उद्या कोणी तुम्हाला विचारलं, की थॉर्नकोटच्या तलावाच्या त्या छताच्या प्रकरणात कोण कोण होतं, तर तुम्हाला सांगता येण्यासारखं नाव एकच आहे, आणि ते तुम्हाला पाठ झालेलं आहे.