भांडीपोच शर्यत

शुक्रवार, दहा जानेवारी १९४७. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी हिवरवाडीच्या शाळेच्या पटांगणात एकशे चार भांडी मांडून झाली. नऊ वाजायच्या आत गावातल्या पाच घरांचं आपापसातलं बोलणं बंद झालं होतं.

भांडी मांडायची कल्पना हंबीरराव पिसाळांची. सहा वर्षं पलटणीत काढून, त्यातली शेवटची दोन इटलीत पीटीचा हवालदार म्हणून काढून, ते मागच्या पावसाळ्यात घरी आले होते आणि दिवाळीनंतर शाळेत कवायतीचे मास्तर म्हणून लागले होते. नेमणूक तीन महिन्यांची. कायम व्हायचं तर दोन गोष्टी हव्या होत्या. एक, शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांचा चांगला शेरा. दोन, शाळा समितीचे चेअरमन आप्पासो जगदाळे यांची एका कागदावर सही. तो कागद एकतीस जानेवारीच्या आत साताऱ्याला पोचायचा होता.

शाळेत खेळाचं सामान म्हणजे हवा गेलेला एक फुटबॉल आणि जोडीदार हरवलेला एक डंबेल. एवढ्यावर साहेबांना काय दाखवायचं, या चिंतेनं हेडमास्तर शेवडे गुरुजींची झोप उडाली होती. हंबीररावांनी त्यांना पार निर्धास्त केलं.

"गुरुजी, सामान घराघरात पडलंय. मुसळ म्हंजे उडीची दांडी. बायकांची डोईवरची चुंबळ म्हंजे रिंग. पलटणीत आमी रिकाम्या डब्यांवर आख्खी कंपनी पळवलीय. तुमी फकस्त बघत बसा."

मुसळावरच्या उड्या, चुंबळफेक, सुपात चिंचोके झेलणं, हे सगळं ठीकच होतं. पण साहेबांसाठी हंबीररावांनी एक खास शर्यत राखून ठेवली होती. पलटणीत बुटांची शर्यत असे. सगळ्या कंपनीचे बूट एका ढिगात टाकायचे, शिट्टी झाली की धावत जाऊन नंबर वाचायचा आणि ज्याचा बूट त्याच्यापुढं नेऊन ठेवायचा. हिवरवाडीच्या शाळेत बूट घालणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे हंबीरराव. तेव्हा त्यांनी बुटाच्या जागी भांडी धरली. प्रत्येक घरच्या तांब्या-ताटावर ठोक्यानं घातलेलं नाव असतंच. पोरानं भांडं उचलायचं, नाव मोठ्यानं वाचायचं आणि त्या घरच्या पोरापुढं नेऊन ठेवायचं. पळणं झालं, वाचनही झालं. शेवडे गुरुजींना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी स्वतःच्या घरून दोन फुलपात्रं कबूल केली.

सराव आठ दिवस चालला. तो पाट्यांवर नावं लिहून केला होता. पाट्यांनी काही गडबड केली नाही.

शुक्रवारी पहाटे हंबीररावांनी घरच्या फळीवरून एक पितळी परात खाली काढली. घरात तेवढं एकच भांडं सोन्यासारखं लखलखत होतं. त्यांची आई साळूबाई चुलीपुढून उठून आली.

"ती नगं रं, हंबीरा. ती ऱ्हाऊ दे. जुनी ने."

"आये, मास्तरनंच पोचं आलेलं भांडं नेलं तर गावानं काय न्यावं?"

साळूबाईनं आणखी दोनदा नगं म्हटलं, पण का नगं ते काही सांगितलं नाही. हंबीररावांना वाटलं, म्हातारी पोच्याला भिते. परात काखेत मारून ते तालात निघाले आणि पोरांच्या देखत ती त्यांनी ढिगाच्या मधोमध ठेवली.

साहेब आठ वाजता आले. गाव पटांगणाभोवती जमला होता आणि बायका कुंपणाच्या भिंतीवर बसल्या होत्या. आठ पंचवीसला शिट्टी झाली.

पहिली धावली ती चौथीतली हरणा, नानासो धनगराची मुलगी. पळण्यात आणि वाचण्यात तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. तिनं एक गडू उचलला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "धर्मशाळा, लोणंद." मग रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, ह्येचं पोरगं कुठाय?"

गडू कोंडीबाच्या घरून आला होता. कोंडीबानं भिंतीपाशी उभ्या उभ्या सांगितलं की तो त्याला धर्मशाळेनं खुशीनं दिला होता. लोक हसले. साहेबही हसले. हंबीररावांनी दुसरी शिट्टी मारली.

नंतरची दहा मिनिटं मात्र कुणी हसलं नाही. हरिबाच्या पोरानं आणलेलं ताट नाव वाचून गुंडाच्या पोरापुढं गेलं. हरिबा म्हणाला, ते गुंडाकडनं लग्नात आहेर आलेलं आहे. गुंडाची बायको भिंतीवरूनच म्हणाली, तुमच्या लग्नाला आमाला बोलावणंच न्हवतं, तर आहेर कशाचा? पोरं मोठ्यांच्या बोलण्याकडं लक्ष न देता धावत होती. त्यांना मास्तरांची शिस्तच तशी होती. एकीकडं काही पोरांपुढं भांड्यांचे मनोरे चढत होते, दुसरीकडं घरून तीन भांडी आणलेली पोरं रिकाम्या जमिनीकडं बघत उभी होती. डेप्युटीसाहेब कराडच्या पलीकडचे, गावची भांडणं त्यांना ठाऊक नव्हती. चौथीचं वाचन ऐकून ते इतके खूश झाले होते की वहीत भराभरा लिहीत होते.

आठ अडतीसला ढिगात एकच भांडं उरलं. हरणानं परात दोन्ही हातांनी उचलली, उलटी केली आणि वाचलं, "शालूबाई आप्पासो जगदाळे."

चेअरमन आप्पासो पहिल्या खुर्चीत होते. त्यांची बायको शालूबाई भिंतीवर होती. ती उभी राहिली. ती तिच्या माहेरची परात, सहा वर्षांपूर्वी घरातून नाहीशी झालेली. तिच्या पायी शालूबाईनं धाकट्या जावेवर, बनुबाईवर, आळ घेतला होता, घराच्या मधे भिंत घातली होती, आणि त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

साहेबांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. स्वच्छतेचं कौतुक करावं, या चांगल्या हेतूनं त्यांनी पोरांना विचारलं, "शाब्बास. इतकी लखलखीत परात कुणी आणली?"

रांगेतल्या सगळ्या पोरांचे उजवे हात एका झटक्यात खांद्याच्या रेषेत आले आणि हंबीररावांकडं रोखले गेले. तीन महिन्यांत कवायत इतकी एकसाथ कधी झाली नव्हती.

हंबीररावांच्या तोंडात शिट्टी होती. श्वास सुटला तशी ती आपोआप वाजली. पोरांनी हुकूम समजून हात खाली घेतले आणि सावधानमध्ये उभी राहिली. सगळ्या गावात हलत होती ती एकटी बनुबाई. ती भिंतीवरून उतरली, सरळ मैदानात आली आणि हरणाच्या हातातून तिनं परात घेतली.

"सहा वर्सं ऐकतीया, परात बनीनं गिळली. गिळली हुती नव्हं? मग आता माझ्यातच ऱ्हाऊ दे. ज्येनं आळ घेतला, त्येनं चावडीम्होरं येऊन चुकलं म्हणावं, अन् न्यावी."

आणि ती परात घेऊन घरी गेली.

हंबीरराव दुपारी घरी आले तेव्हा साळूबाई दाराआड बसली होती. तिला सगळं कळलं होतं. ते बोलायच्या आतच ती बोलू लागली. ते पलटणीत निघाले तेव्हा भावकीला जेवण घातलं, त्या दिवशी परात शालूबाईच्या सासूकडून मागून आणली होती, दुसऱ्या कुणाला ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी द्यायची, तर तिकडं त्या सासूचं दुखणं निघालं. मग सासू गेली. मग आळ आला, भिंत आली.

"आज देते, उद्या देते म्हंता म्हंता कुठल्या तोंडानं देऊ, असं झालं बघ. वापरली न्हाई रं कवा. निस्ती घासत हुते."

इटलीत डोंगरावर तोफांच्या माऱ्यात दोन रात्री पडून राहिलेला माणूस ते ऐकून चुलीपुढं बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्याच संध्याकाळी साळूबाई माफी मागायला बनुबाईकडं गेली. बनुबाईनं तिला पाट दिला, गूळ-पाणी दिलं आणि सांगितलं, "काकी, तुमी मला काय बोलला न्हवता. तुमची माफी मी कुठं ठेवू?" मग साळूबाई शालूबाईकडं गेली. शालूबाई म्हणाली, परात दडवली तुमी, अन् चावडीवर जायचं मी? हंबीररावांनी कराडहून नवी परात आणली, शालूबाईचं नाव घालून आणली. तिनं ती उलटी करून पाहिली आणि, "ह्येच्यावर माझ्या बापाचा हात फिरलाय व्हय?" असं विचारून दाराबाहेर ठेवली.

हंबीरराव कागद घेऊन तीनदा आप्पासोंकडं गेले. आप्पासोंचा त्यांच्यावर राग नव्हता.

"मास्तर, सही मी आत्ता करीन. पर दौत घरात हाय, अन् घरात शालू हाय."

साहेबांचा शेरा साताऱ्याहून आला. तो उत्तम होता. खेळ फार उद्बोधक वाटला, तरी शेजारच्या चार गावांतही हंबीररावांनी तो स्वतः करून दाखवावा, असं त्यात लिहिलं होतं. ही बातमी पोचल्यापासून त्या चारही गावांतून कराडच्या तांबटाकडं भांड्यांची नावं घासून काढायला गर्दी लोटली आहे. हंबीरराव शाळेला आता ओढ्याच्या वाटेनं जातात. शिट्टी खिशातच असते. ते पोरांना हातानं खुणा करतात.

बुधवार, बावीस तारखेच्या दिवसाअखेरपर्यंतची हकीकत अशी. बनुबाई रोज दार उघडं टाकून, ओट्यावर बसून, त्या परातीत भाकरीचं पीठ मळते. भिंतीच्या पल्याड शालूबाई बसलेली असते आणि थापण्याचा आवाज ऐकते. बुधवारी अवकाळी पावसानं ओढ्याला पाणी आल्यामुळं हंबीररावांना त्या दारावरून जावं लागलं. बनुबाईनं त्यांना हाक मारून थांबवलं आणि गरम भाकरी हातावर ठेवली. ती त्यांनी खाली मान घालून, उभ्यानं, सगळी खाल्ली. आप्पासोंनी ते खिडकीतून पाहिलं. शालूबाईनंही पाहिलं.

कागदावर सही नाही.